काळी वाळू आणि खडक झालेली पुळण



मागच्या व्याख्यानात आपण राक्षसभुवनच्या लढाईविषयी बोललो. १० ऑगस्ट १७६३, गोदावरीचा काठ, थोरले माधवराव एका बाजूला आणि निजामाची फौज दुसऱ्या बाजूला, आणि त्यात निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर पडला. व्याख्यान संपल्यावर चिठ्ठ्या आल्या. बहुतेक राघोबादादांविषयी होत्या, त्या येणारच. पण एका चिठ्ठीचा पेशव्यांशी काही संबंध नव्हता. तिच्यात लिहिलं होतं : ‘आपल्या नदीच्या वाळूत काळ्या रेघा दिसतात. त्यात थोरियम असतं, अणुभट्टीला लागतं, असं मोबाइलवर आलं आहे. खरं काय?’

आमचा विषय तत्त्वज्ञान. भूशास्त्र आम्ही लोकांकडून आणि पुस्तकांतून शिकलो. तरी हा प्रश्न आम्हाला सोडवेना. बीड जिल्ह्यातला माणूस सहा-सहा महिने कोयता घेऊन ऊसतोडीला जातो. त्याच्या गावच्या वाळूत जगाला हवी असलेली वस्तू आहे असं कुणी सांगितलं, तर तो ऐकणारच. त्याला हसून वाटेला लावणं बरोबर नाही. म्हणून आज लढाई बाजूला ठेवू आणि वाळूकडे बघू.

आधी उत्तर देऊन टाकतो. तलवाड्याच्या ओढ्यात किंवा गेवराईच्या गोदापात्रात जी काळी रेघ दिसते, तिच्यात थोरियम नाही. त्यात मॅग्नेटाइट आहे, म्हणजे लोखंडाचं चुंबकीय खनिज. इल्मेनाइट आहे, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियम यांचं खनिज. आणि ऑजाइट नावाचं काळपट खनिज आहे. हे तिन्ही आपल्या काळ्या पाषाणातून येतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि दख्खनचं पठार झालं. त्या बेसॉल्टमध्ये टायटॅनियमचं ऑक्साइड साधारण दोन-तीन टक्के असतं. थोरियम ज्यात असतं ते मोनाझाइट हे खनिज मुख्यतः ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म, म्हणजे नाइस, अशा फार जुन्या खडकांतून येतं. आपल्या पायाखाली तो खडक वर नाहीच.

ज्याला पडताळा हवा त्यानं जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक घ्यावं, कागदात गुंडाळावं आणि कोरड्या वाळूतून फिरवावं. काळी लव उगवल्यासारखे कण चिकटतात. ते मॅग्नेटाइट. आपल्यापैकी निम्म्या लोकांनी लहानपणी हे केलेलं आहे. इल्मेनाइट एवढ्या जोरानं चिकटत नाही, त्याला जास्त ताकदीचं चुंबक लागतं.

पण उत्तर ‘नाही’ एवढंच दिलं तर खरी गोष्ट राहून जाते. टायटॅनियम आपल्याकडे आहे, मग त्याचा साठा का नाही? आणि जिथं साठा आहे तिथं तो कुणी केला?

घरात तांदूळ रोवळताना आपण काय करतो? रोवळीत किंवा पातेल्यात पाणी घालून तांदूळ हलवायचे, वरचे वर काढत जायचे, खडे तळाशी राहतात. खडा तांदळापेक्षा जड, एवढंच त्यामागचं शास्त्र. समुद्र पुळणीवर हेच करतो. पुळण म्हणजे वाळूचा किनारा, हा कोकणातला शब्द. मराठवाड्यात तो आपल्याला कधी लागलाच नाही. लाट जोरानं वर येते, सगळी वाळू घेऊन येते. परत जाताना तिचा जोर कमी झालेला असतो. हलके कण ती परत नेते, जड कण टाकून जाते. गारगोटीच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या कणाची घनता २.६५, इल्मेनाइटची साधारण ४.७, मॅग्नेटाइटची ५.२. पाण्यात बुडल्यावर दोन्हीकडून पाण्याचा १ वजा करायचा, मग क्वार्ट्झचे उरतात १.६५ आणि इल्मेनाइटचे ३.७, दुपटीहून जास्त. शिवाय जड खनिजांचे कण बारीक असतात. ते मोठ्या कणांच्या फटीत जाऊन बसतात आणि परतीच्या पाण्याला सापडत नाहीत. पावसाळ्यातल्या मोठ्या वादळानंतर किनाऱ्याच्या वरच्या अंगाला काळा थर साचलेला दिसतो तो यामुळे.

आमच्या विषयातली एक गोष्ट इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही. वैशेषिकांनी गुणांची जी यादी केली, तिच्यात प्रशस्तपादानं ‘गुरुत्व’ घातलं. हा गुण पृथ्वी आणि जल यांत असतो, पडण्याचं कारण असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही, पडण्यावरून त्याचं अनुमान करायचं. कणादाच्या मूळ सतरा गुणांत तो मोजलेला नव्हता. वजन दिसत नाही, वस्तू काय करते त्यावरून कळतं, हे त्या माणसानं दीड हजार वर्षांपूर्वी नेमकं पकडलं होतं. पुळणीवर लाट हे अनुमान दिवसरात्र करत बसलेली असते. पुरे, विषयाकडे येतो.

म्हणजे साठा होण्यासाठी खनिज असून भागत नाही, रोवळणारा लागतो. आपली नदी थोडंफार रोवळते, वळणावर रेघा पाडते, पण पुढच्या पुरात त्या मोडतात. समुद्र एकाच रेषेवर हजारो वर्षं हे काम करत राहतो. सोनाराच्या दुकानातली धूळ विकत घेऊन ती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी आपल्याकडे होते. एका ओंजळीत काही सापडत नाही, वर्षभराच्या धुळीत सापडतं.

आता कोकणात जाऊ. आपला आणि कोकणाचा पाषाण एकच, सह्याद्रीच्या दोन अंगांना पसरलेला. पश्चिमेच्या नद्या आखूड आणि उतारावरच्या, त्या आपला माल थेट अरबी समुद्रात टाकतात. म्हणून रत्नागिरीच्या मांडवीला काळी वाळू आहे, काळबादेवीला आहे, मिऱ्याच्या उपसागरात आहे, पूर्णगडच्या बाजूला आहे. १९७० च्या दशकात राज्याच्या भूविज्ञान खात्यानं किनाऱ्यावर इल्मेनाइटचा शोध घेतला. त्याच दशकाच्या अखेरीस गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं पाण्याखाली, उपसागरांच्या तळाशी पाहिलं. तिथंही ते मिळालं. हे इल्मेनाइट म्हणजे आपल्याच बेसॉल्टचं, तलवाड्यातलं सख्खं भावंड. फरक एवढाच की त्याला समुद्र जवळ मिळाला.

आणि त्या किनाऱ्यावर आजच्या विषयातला मुख्य दगड आहे. रायगड-रत्नागिरीत पुळणीच्या आतल्या बाजूला, माडांच्या बागांत विहीर खणताना एक खरबरीत दगड लागतो. स्थानिक लोक त्याला करळ म्हणतात. शिंपल्यांचे तुकडे आणि वाळू, चुन्यानं घट्ट जुळलेली. मुंबईतल्या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज भूशास्त्रज्ञांनी अशा दगडाला ‘लिटोरल काँक्रीट’ म्हटलं, म्हणजे किनाऱ्याचं काँक्रीट. नाव चांगलं आहे, पण करळ हा शब्द त्याच्या आधीचा आणि जास्त नेमका वाटतो. शिंपल्यांचा चुना पाण्यात विरघळतो, कणांच्या मध्ये पुन्हा बसतो आणि सिमेंटचं काम करतो. हा दगड भूशास्त्राच्या हिशेबात काल-परवाचा, काही हजार वर्षांचा. पण त्याची एक सवय लक्षात घ्या. तो किनाऱ्याला समांतर जातो, समुद्राकडे किंचित उतरता असतो आणि त्याच्या कापात पट्टे दिसतात. ते भरती-ओहोटीनं लावलेले थर आहेत. जिथं काळ्या कणांचा पट्टा असेल तिथं कधीतरी एक जोरदार लाट येऊन रोवळून गेली, असं समजायचं. म्हणजे करळ ही समुद्र पूर्वी कुठं उभा होता याची नोंद आहे. आमच्या बाडातल्या मोडी कागदापेक्षा ती वाचायला सोपी, कारण तिच्यात कुणी खोटं लिहिलेलं नाही.

हीच गोष्ट कोट्यवधी वर्षं मागे नेली की काय होतं? अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात सानोस्टी नावाचं ठिकाण आहे, नावाहो लोकांच्या प्रदेशात. पठार, वाळवंटी झुडपं, पाऊस आपल्यापेक्षाही कमी, उंची समुद्रसपाटीपासून दीड किलोमीटरहून जास्त. तिथं वालुकाश्माच्या पिवळ्या थरांच्या माथ्यावर गडद, जवळजवळ काळा, फार जड असा दगड दिसतो. त्यात इल्मेनाइट आहे, झिरकॉन आहे आणि मोनाझाइटही आहे. क्रेटेशियस काळाच्या उत्तरार्धात, म्हणजे आपला लाव्हा वाहायच्या आधी, उत्तर अमेरिकेच्या मधोमध उत्तर-दक्षिण पसरलेला समुद्र होता. त्या समुद्राची ही पुळण. न्यू मेक्सिकोपासून वायोमिंग, मोंटानापर्यंत असे दगड तुकड्या-तुकड्यांनी सापडतात, आणि ते नकाशावर मांडले की त्या नाहीशा झालेल्या समुद्राचा काठ दिसू लागतो.

त्यांच्याकडे लक्ष कसं गेलं हे ऐकण्यासारखं आहे. १९५० चं दशक, अणुबाँबचा काळ. अमेरिकी सरकार युरेनियमसाठी घाईला आलेलं. विमानात किरणोत्सार मोजण्याची यंत्रं ठेवून डोंगरांवरून घिरट्या चालल्या होत्या. यंत्र बोललं की खाली माणसं पाठवायची. अशा काही ठिकाणी युरेनियमऐवजी हा काळा वालुकाश्म निघाला, यंत्र मोनाझाइटमधल्या थोरियमला बोलत होतं. शोध बाँबच्या मालाचा, हाती आला जुन्या समुद्राचा किनारा. आणि हा दगड लोहाच्या ऑक्साइडनं इतका घट्ट जुळलेला की फोडून दळावा लागतो, कण वेगळे करायला मोठा खर्च. किनाऱ्यावरची सैल वाळू नुसती उचलायची असते. दोन्हींत खनिज तेच, पण एकाला बाजार आहे आणि दुसऱ्याला नाही. ऑस्ट्रेलियात मरी नदीच्या खोऱ्यात मधली स्थिती आहे. तिथला समुद्र टप्प्याटप्प्यानं मागे हटत गेला आणि एकामागे एक किनाऱ्याच्या रेषा सोडत गेला. आजच्या समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, गव्हाच्या शेतांखाली त्या रेषा आहेत, आणि त्यांतली वाळू बऱ्याच ठिकाणी सैल राहिली म्हणून तिथं खाणी निघाल्या.

‘साठा’ हा शब्द माणसांचा आहे, दगडाचा नाही. याचा इतिहास बघा.

१७९१ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये विल्यम ग्रेगर नावाच्या खेडेगावच्या पाद्र्यानं ओढ्यातली काळी वाळू उचलली. चुंबकाला चिकटते म्हणून लोखंड असेल असं वाटलं, पण उरलेल्या भागात कुणाला माहीत नसलेली धातू होती. चार वर्षांनी बर्लिनच्या क्लाप्रोथनं तिला टायटॅनियम हे नाव दिलं. पुढे शंभर वर्षं त्या धातूचं कुणाला काही काम नव्हतं. मग ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर याची गॅसबत्ती आली. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत पेट्रोमॅक्सची बत्ती असायची. तिची ती पांढरी जाळीदार पिशवी, मँटल, थोरियमच्या ऑक्साइडची, त्यात एक टक्का सेरियमचं. हे प्रमाण आउअरनं १८९० च्या सुमारास बसवलं. युरोपातल्या रस्त्यांवर आणि घरांत हा उजेड गेला आणि मोनाझाइटला भाव आला. सुरुवातीला ते ब्राझीलच्या किनाऱ्यावरून येई.

१९०९ साली शोमबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट दिसलं. काथ्याचा माग काढत तो मनवालकुरिचीपर्यंत पोचला. कारखाना उभा राहिला, पुढे चवऱ्यालाही काम सुरू झालं. पहिलं महायुद्ध लागलं, शोमबर्गला हेरगिरीच्या संशयावरून पकडलं आणि धंदा इंग्रजांच्या हाती गेला. तेव्हा त्या वाळूत सगळ्यात जास्त काय होतं? इल्मेनाइट. ते मोनाझाइटमधून वेगळं काढून बाजूला टाकत. मग टायटॅनियमपासून पांढरा रंग बनवायची कृती नॉर्वेत आणि अमेरिकेत निघाली. जुना पांढरा रंग शिशाचा, विषारी. १९२२ पासून त्रावणकोरचं इल्मेनाइट जहाजांनी बाहेर जाऊ लागलं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत जगाच्या पुरवठ्यात त्याचा फार मोठा वाटा होता. मँटलचा धंदा विजेनं खाल्ला, मोनाझाइट मागे पडलं आणि काल टाकलेला ढीग माल झाला.

आणि मग हिरोशिमा. थोरियमपासून अणुइंधन करता येतं हे कळल्यावर मागे पडलेलं मोनाझाइट एकदम राजकारणात आलं. त्रावणकोरचे दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांनी जून १९४७ मध्ये संस्थान स्वतंत्र राहील असं जाहीर केलं, तेव्हा ही वाळू त्यांच्या हिशेबात होती. ब्रिटनशी मोनाझाइटच्या विक्रीचा करारही झालेला होता. २५ जुलैला त्यांच्यावर हल्ला झाला, आणि त्यानंतर काही दिवसांतच संस्थान भारतात आलं. आपल्याकडे फाळणीच्या इतिहासात हैदराबाद आणि काश्मीर सांगतात. हैदराबाद तर आपलाच अनुभव, आपण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडे होतो. पण वाळूच्या जोरावर स्वतंत्र राहू बघणारं संस्थान मुलांना कुणी शिकवत नाही. ते शिकवायला हवं असं आम्हाला वाटतं.

पुढचं थोडक्यात. १९४८ चा अणुऊर्जा कायदा झाला. १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी निघाली, १९५२ मध्ये आलुव्याचा कारखाना, १९५५ मध्ये ट्रॉम्बेला थोरियमचा. होमी भाभांनी तीन टप्प्यांची योजना मांडली, तिचा तिसरा टप्पा या वाळूवर उभा आहे आणि तो अजून यायचा आहे. त्या कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईत प्रभादेवीला, सिद्धिविनायकाच्या जवळच आहे. देवळाच्या रांगेत उभ्या असलेल्या किती जणांना माहीत असतं, कुणास ठाऊक. त्यानंतर खासगी खाणवाल्यांना दार उघडलं, दक्षिणेत बेकायदा उपशाचे आरोप झाले, तमिळनाडूनं २०१३ मध्ये किनाऱ्यावरच्या अशा खाणी थांबवल्या आणि २०१९ मध्ये केंद्रानं ही खनिजं सरकारी कंपन्यांसाठी राखून ठेवली. केरळात आलप्पाडचे लोक तर सरकारी खाणीविरुद्धच उभे राहिले, आमचं गाव समुद्रात चाललं म्हणून. पुळण ही खाण आहे तशीच ती घरापुढची भिंतही आहे. आपण ती उचलली की लाट पुढे येते.

मोनाझाइट हे नाव ग्रीक शब्दावरून आलं, अर्थ ‘एकटं असणं’. पहिल्या शोधकाला त्याचे स्फटिक विरळ, एकटेदुकटे सापडले म्हणून. समुद्रानं त्यांना एकत्र आणलं नसतं तर ते तसेच राहिले असते.

आता परत तलवाड्याला येऊ, त्वरिता देवीच्या गावात. इथला ओढा कुठल्याही वाटेनं गेला तरी शेवटी गोदावरीत जातो. गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावते, तिथून अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटर. पण तिला पूर्वेला जायचं आहे, १४६५ किलोमीटर. त्र्यंबकच्या पलीकडच्या उतारावर पडलेला काळा कण काही दिवसांच्या पुरात पुळणीवर जाऊन बसेल. अलीकडे पडलेल्याला पैठण, गेवराई, नांदेड, मग प्राणहिता भेटते आणि विदर्भाच्या जुन्या खडकांचा माल घेऊन येते. मग पापिकोंडलूच्या घळीत पूर्वघाटाचे खडक गार्नेट, सिलिमनाइट आणि थोडं मोनाझाइट घालतात. धवळेश्वरमच्या खाली त्रिभुज प्रदेश, आणि तिथल्या पुळणीवर आपला मॅग्नेटाइट पूर्वघाटाच्या गार्नेटच्या शेजारी. म्हणजे चिठ्ठी लिहिणाऱ्याचं अगदीच चुकलेलं नाही. आपल्या काळ्या कणाशेजारी थोरियम आहे, फक्त ते इथं नाही, बंगालच्या उपसागराच्या काठी आहे आणि ते आपल्या खडकातून गेलेलं नाही.

गेलेलं असायचं, असं म्हटलं पाहिजे. धवळेश्वरमचा बंधारा आर्थर कॉटननं १८५२ मध्ये पुरा केला. पैठणचा नाथसागर १९७६ पासून. पुढे विष्णुपुरी, श्रीरामसागर आणि बाकीचे. प्रत्येक धरणात गाळ आणि वाळू थांबते. पाण्यासाठी ते हवंच होतं, जायकवाडी नसती तर आपण इथं बसलो नसतो, हे आम्ही कुणाहून कमी जाणत नाही. पण रोवळीत तांदूळ येणंच बंद झालं तर तळाशी काय राहणार? गोदावरीच्या मुखाशी किनारा जागोजाग मागे सरकतो आहे, नव्यानं येणारी वाळू कमी पडते म्हणून.

आणि जी वाळू धरणांच्या मधल्या पात्रात उरली आहे, तिला समुद्रापर्यंत जायचा प्रश्नच येत नाही. रात्री केणी लावतात, तराफे लागतात, हायवा भरून सकाळपर्यंत संभाजीनगरच्या किंवा पुण्याच्या रस्त्याला लागतो. घाटाचा लिलाव झाला असेल तर पावती असते, नसेल तर नसते. भाव ब्रासवर ठरतो, कण काळा की पांढरा हे कुणी बघत नाही. पात्र खोल गेलं की काठच्या विहिरींचं पाणी खाली जातं, हे इथल्या शेतकऱ्यांना आम्ही सांगायला नको. साडेसहा कोटी वर्षांच्या लाव्ह्यातून सुटलेला इल्मेनाइटचा कण आता सिमेंटमध्ये जुळतो, करळीत जुळतात तसाच, पण कुठल्या तरी सोसायटीच्या चौथ्या मजल्याच्या स्लॅबमध्ये.

चिठ्ठीवर नाव नव्हतं. ज्यानं लिहिली तो आज आला असेल तर त्यानं पुढच्या रविवारी लोहचुंबक आणि ओढ्यातली कोरडी वाळू घेऊन यावं, आपण इथंच टेबलावर करून बघू. त्या दिवशीचा विषय मात्र ठरलेला आहे : राक्षसभुवननंतरचा निजाम.